कुलूप बाहेरून होतं: मुलांची हेळसांड, छळ आणि संशोधनाला लागलेला थांग

एक घर डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे साडेदहा वाजलेत. दाराला बाहेरून कुलूप. आत नऊ वर्षांची मुलगी आणि तिचा चार वर्षांचा भाऊ. भाऊ झोपलाय. मुलगी दिवा चालू ठेवून वहीत पाढे लिहीत बसलीय, कारण आईने बजावलंय की तो मध्येच उठला तर घाबरेल, तू जागी राहा. आईला रात्रपाळी आहे, ती सकाळी सातला येईल. शेजारच्या बाईंनी हे दोन-तीनदा पाहिलं, आठवडाभर मनात घोळवलं आणि शेवटी बालसंरक्षण यंत्रणेला फोन केला.

घर कल्पित आहे, पण समाजकार्यात मुरलेल्या कुणालाही विचारा, अशी घरं त्यांच्या ओळखीची असतात. आता सांगा, ही हेळसांड आहे का? आग लागली तर दोन्ही मुलं आतच अडकतील, हे खरं. आईने पाळी सोडली तर महिनाअखेरीला भाडं थकेल, हेही खरं. आणि कुलूप तिने लावलं ते मुलं रात्री बाहेर भटकू नयेत म्हणून, म्हणजे काळजीपोटीच. या विषयावरचं संशोधन वाचताना मला सारखं हेच घर आठवतं. तिथला बराचसा वाद या दोन्ही खऱ्या गोष्टी एकाच वेळी हातात कशा धरायच्या, यावरच अडलेला असतो.

आधी शब्दांचं बघू. मराठीत ‘अत्याचार’ म्हटलं की मनात लैंगिक अत्याचारच येतो, आणि ‘छळ’ म्हटलं की मारहाण. अभ्यासक चार प्रकार मानतात: शारीरिक इजा, लैंगिक शोषण, मानसिक छळ आणि हेळसांड. पहिल्या तिघांत मुलाला कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. चौथ्यात मुलासाठी जे व्हायला हवं होतं ते झालेलं नसतं. औषध दिलं गेलं नाही, शाळेत पाठवलं नाही, जवळ कुणी थांबलं नाही. बातम्यांत येतात ते पहिले तीन. कामाचा डोंगर असतो चौथ्याचा. अमेरिकेत दरवर्षी ज्या मुलांच्या बाबतीत गैरवर्तन झाल्याचं चौकशीत ठरतं, त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश हेळसांडीची प्रकरणं असतात. हेळसांडीला ठराविक तारीख नसते, व्रण नसतो, साक्षीदार नसतो. ती साचत जाते. त्यामुळे ती सिद्ध करणं अवघड आणि दुर्लक्षित करणं सोपं.

या क्षेत्राची सुरुवात मात्र व्रणांपासूनच झाली. १९४६ मध्ये जॉन कॅफी या क्ष-किरणतज्ज्ञाने सहा तान्ह्या मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. सगळ्यांच्या कवटीत मेंदूवर रक्त साकळलेलं, आणि हातापायांच्या हाडांत मिळून २३ फ्रॅक्चर, काही ताजी, काही जुळत आलेली. पालकांच्या सांगण्यात या दुखापतींचा नीट उलगडा होत नव्हता. कुणीतरी मारलंय असं थेट बोलायला आणखी सोळा वर्षं जावी लागली. १९६२ मध्ये हेन्री केम्प या बालरोगतज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी ‘बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम’, म्हणजे मार खाल्लेल्या मुलांत दिसणारी लक्षणं, हा निबंध लिहिला. त्यांनी ठिकठिकाणच्या रुग्णालयांना वर्षभरातली अशी प्रकरणं विचारली होती. ७१ रुग्णालयांकडून ३०२ मुलं कळली. त्यांतली ३३ दगावली होती आणि ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. आईबापच मुलाला असं मारू शकतात यावर डॉक्टरांचाच विश्वास बसत नाही, आणि म्हणून समोर दिसूनही दिसत नाही, असं त्या निबंधात स्पष्ट म्हटलेलं आहे. पुढच्या पाच वर्षांत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांनी संशयित प्रकरणं कळवण्याचे कायदे केले.

निबंधाचं मोल मोठं आहे, यात वाद नाही. पण माझ्या मते त्याने विषयाला एक वळणही लावून दिलं, आणि ते अजून पूर्ण सुटलेलं नाही. आजार असतो तसा हा एक प्रकार आहे, काही पालकांत तो असतो, आपण तो ओळखायचा आणि मुलाला बाजूला काढायचं. तुटलेल्या हाडासाठी ही रीत चालते. कुलूपबंद दारासाठी ती तोकडी पडते.

दुसरी अडचण मोजण्याची. किती मुलांवर ही वेळ येते? उत्तर कुणाला विचारता यावर ठरतं. जगभरातल्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दोन रांगा मांडल्या. एका रांगेत शिक्षक, डॉक्टर, अधिकारी अशा लोकांच्या नोंदींवर आधारलेले अभ्यास, दुसऱ्या रांगेत ज्यांच्यावर बेतलं त्यांनाच विचारलेले. लैंगिक शोषणाच्या बाबतीत नोंदींतून दर हजारी ४ मुलं निघाली, स्वतः सांगणाऱ्यांत दर हजारी १२७. शारीरिक मारहाणीत नोंदींतून हजारी ३ आणि स्वतः सांगणाऱ्यांत २२६. चूक कुणाचीच नाही. नोंदवही तेवढंच सांगते जेवढं कुणाच्या तरी नजरेला पडलं आणि त्याने ते लिहून काढलं. माणसाला विचारलं तर तो कुणालाच न सांगितलेलंही सांगतो. म्हणून ‘यंदा प्रकरणं वाढली’ अशी बातमी वाचली की मी आधी शोधतो, प्रकरणं वाढली की फोन वाढले? हेल्पलाइनचा नंबर शाळेच्या भिंतीवर लागला तरी आकडा चढतो, आणि ते चांगलंच लक्षण असतं.

नजर कुणावर आहे, हा त्याच प्रश्नाचा दुसरा पदर. ‘जो मार खाऊन वाढतो तो पुढे मारतो’ हे आपण सगळे खात्रीने बोलतो. याची नीट तपासणी कॅथी स्पॅट्झ विडम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी केली. १९६७ ते १९७१ या काळात ज्यांचा छळ किंवा हेळसांड न्यायालयात सिद्ध झाली अशा ९०८ मुलांची प्रकरणं त्यांनी घेतली. त्यांच्याच वयाची, त्याच वस्त्यांतली, पण अशी नोंद नसलेली ६६७ मुलं जोडीला घेतली. मग दोन्ही गटांचा माग काढत राहिल्या, दशकानुदशकं. १९८९ च्या निष्कर्षांत हिंसक गुन्ह्यांत अटक होण्याचं प्रमाण पहिल्या गटात जास्त निघालं, हे खरं. पण त्या गटातल्या बहुतेकांना अशी अटक कधीच झाली नाही. हे दुसरं वाक्य उद्धृत करताना लोक विसरतात.

खरी गंमत २०१५ मध्ये झाली. तोवर ही मुलं स्वतः आईबाप झाली होती. विडम आणि सहकाऱ्यांनी तीन ठिकाणी विचारलं: पालकांना स्वतःला, त्यांच्या मुलांना, आणि बालसंरक्षणाच्या दप्तराला. लैंगिक शोषण आणि हेळसांड यांत पिढीमागून पिढी काही प्रमाणात साखळी दिसली. शारीरिक मारहाणीत दिसली नाही. आणि ज्या घरांत पालकांच्या किंवा मुलांच्या सांगण्यानुसार गैरवर्तन झालं होतं, त्यांत पूर्वी स्वतः नोंदवहीत असलेल्या पालकांची नावं दप्तरात पुन्हा येण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट होतं. म्हणजे साखळीचा काही भाग खरा, आणि काही भाग असा की ज्या घरावर एकदा लक्ष गेलं त्याच घराकडे पुन्हा पाहिलं गेलं. शेजारच्या बंगल्यात तेच घडलं तर तिथे डोकावणारं कुणी नव्हतं.

बालपणीच्या दुःखांची बेरीज करणारा एक प्रसिद्ध अभ्यास तुमच्याही कानावर आला असेल. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांनी सॅन डिएगोमधल्या साडेनऊ हजार प्रौढांना लहानपणच्या सात प्रकारच्या वाईट अनुभवांबद्दल विचारलं: स्वतःवरचे छळ, आईला होणारी मारहाण, घरातलं व्यसन, मानसिक आजार, तुरुंगवास वगैरे. चार किंवा जास्त प्रकार भोगलेल्यांत दारूचं व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांची जोखीम एकही न भोगलेल्यांच्या ४ ते १२ पट निघाली. या अभ्यासाने डॉक्टरांना बालपणाबद्दल विचारायला शिकवलं. पण मग इंटरनेटवर ‘तुमचा स्कोअर काढा’ सुरू झालं, शाळा आणि दवाखाने एकेका माणसाला आकडा चिकटवू लागले. २०२० मध्ये खुद्द आंडांनीच लिहिलं की हा आकडा समूहासाठी आहे, एका माणसाचं निदान करायला तो वापरू नका. सरासरी पावसावरून तुमच्या अंगणात उद्या सर येईल की नाही हे सांगता येत नाही, तसंच हे. शिवाय एकदा झालेली घटना आणि रोज दहा वर्षं चाललेली घटना, दोन्हींना त्यात एकच गुण.

‘मग धोका असलेली घरं आधीच ओळखा ना’ असं कुणीतरी म्हणतंच. इथे कागदपेन्सिल घेऊन एक छोटं गणित करा. समजा हजार कुटुंबं आहेत आणि त्यांतल्या २० घरांत मुलाला गंभीर धोका आहे. तुमच्याकडे एक चाचणी आहे, शंभरात नव्वद वेळा बरोबर. ती २० पैकी १८ घरं पकडेल, २ सुटतील. पण उरलेल्या ९८० घरांत ती दहा टक्के चुकेल, म्हणजे ९८ घरांवर नाहक बोट ठेवेल. एकूण ११६ दारं वाजवली जातील आणि त्यांतल्या १८ दारांमागेच खरा धोका असेल. चाचणी चांगली असूनही सहापैकी पाच वेळा चुकीचं दार. आणि ते दार वाजणं फुकटचं नसतं. एकदा चौकशी झालेली आई पुढे मुलाच्या अंगावरचं साधं खरचटलेलंही डॉक्टरांना दाखवायला कचरते.

अमेरिकेतल्या अलेगेनी काउंटीने २०१६ पासून फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मदतीला संगणकाने काढलेला धोक्याचा १ ते २० असा गुण आणला. आक्षेप असा की तो गुण सरकारी नोंदींवर उभा आहे. सरकारी मदत घेणाऱ्या घराची खडानखडा माहिती तिथे असते, खासगी समुपदेशकाकडे जाणाऱ्या घराची नसते. माणसं तरी संगणकापेक्षा शहाणी का? आयलीन मन्रो या अभ्यासक बाईंनी ब्रिटनमधल्या बालछळाच्या प्रकरणांवरचे १९७३ ते १९९४ या काळातले ४५ चौकशी अहवाल वाचून काढले. वारंवार दिसणारी चूक अशी, की कार्यकर्त्याचं एकदा बनलेलं मत सहसा बदलत नाही. पहिल्या भेटीत आई बरी वाटली, तर नंतरचे पुरावेही त्या बरेपणात बसवले जातात.

आता गरिबी. हा मुद्दा बोलताना जीभ अडखळते, कारण ‘गरीब लोक मुलांना नीट सांभाळत नाहीत’ असं ऐकू येण्याची भीती असते. तसं नाही. गरीब घरांतले बहुसंख्य आईबाप पोटाला चिमटा काढून मुलांना जपतात. पण हेळसांडीची प्रकरणं गरिबीभोवती दाटतात, हेही नाकारता येत नाही. मग पैसा कारण आहे, की पैशाबरोबर येणारं दुसरं काही? याचं उत्तर प्रयोगाशिवाय मिळत नाही, आणि असा एक प्रयोग जवळजवळ योगायोगाने झाला. अमेरिकेत विभक्त वडिलांनी मुलांसाठी भरलेल्या पोटगीतला काही भाग सरकार आपल्या मदतीच्या बदल्यात कापून घेत असे. विस्कॉन्सिन राज्याने १९९० च्या दशकाच्या शेवटी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीने काही आयांना पूर्ण पोटगी द्यायचं ठरवलं, बाकीच्यांची कपात चालू ठेवली. हातात पडणारा फरक फार मोठा नव्हता. तरी पूर्ण रक्कम मिळालेल्या आयांविरुद्ध चौकशीला पात्र ठरलेल्या तक्रारी कमी निघाल्या. दुसऱ्या एका अभ्यासात वेगवेगळ्या राज्यांतलं किमान वेतन पाहिलं गेलं. ताशी एक डॉलर वाढला तर हेळसांडीच्या तक्रारी ९.६ टक्क्यांनी घटल्या. या आईबापांना मूल कसं वाढवावं यावर एक शब्दही कुणी शिकवला नव्हता. मला हा निष्कर्ष या सगळ्या क्षेत्रातला सर्वांत बोलका वाटतो, आणि सर्वांत कमी चर्चिला जाणाराही.

म्हणून शिकवणं निरुपयोगी, असंही नव्हे. कसं शिकवता यावर आहे. एक खोली, मध्ये एकतर्फी काच. आत आई आणि मूल ठोकळे रचतायत. आईच्या कानात छोटं यंत्र. काचेपलीकडून समुपदेशक बोलतो ते फक्त तिलाच ऐकू येतं. मूल मनोरा रचतं आणि मुद्दाम पाडतं. आईचा हात उचलला जातो, खांदे ताठ होतात. कानात आवाज येतो: ‘थांबा. त्याने आत्ता एक ठोकळा परत उचलला, ते बोलून दाखवा.’ आई म्हणते, ‘तू पुन्हा रचतोयस.’ मूल वर बघतं. असे कितीतरी तास. या पद्धतीला पालक-बालक संवाद उपचार म्हणतात. मुलांना मारहाण केल्याचं सिद्ध झालेल्या ११० पालकांवर ती तपासली गेली आणि निष्कर्ष २००४ मध्ये आले. सुमारे ८५० दिवसांनंतर, वर्गात बसून पालकत्वाची चर्चा केलेल्या गटातल्या ४९ टक्के पालकांविरुद्ध पुन्हा मारहाणीची तक्रार आली होती. कानात आवाज घेऊन सराव केलेल्या गटात १९ टक्के. तिसऱ्या गटाला याच उपचाराबरोबर इतरही भरपूर सेवा जोडून दिल्या होत्या, त्याने परिणाम काही सुधारला नाही. ‘अजून एक योजना जोडा’ म्हणणाऱ्यांनी यावर जरा थांबावं. आधीच मेटाकुटीला आलेल्या आईच्या आठवड्यात आणखी चार भेटीच्या वेळा घुसवल्या, तर तिचं ओझंच वाढत नसेल कशावरून?

घरी जाणाऱ्या परिचारिकांचा प्रयोग याहून जुना. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या गावी डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी ४०० गर्भवती स्त्रिया घेतल्या. काहींच्या घरी प्रशिक्षित परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत जात राहिली. पंधरा वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या आयांच्या नावावर सिद्ध झालेल्या छळ-हेळसांडीच्या नोंदी सरासरी ०.२९ होत्या, दुसऱ्या गटात ०.५४. पण ज्या घरांत बाईलाच वारंवार मारहाण होत होती, तिथे हा फायदा मावळत गेला. नवरा मारत असताना बाळाशी कसं बोलावं हे शिकवणारी बाई आठवड्याने येऊन काय करणार? आणि हाच कार्यक्रम इंग्लंडमध्ये १,६४५ तरुण आयांवर तपासला, तेव्हा २०१६ च्या निष्कर्षांत मुख्य कसोट्यांवर फरक दिसला नाही. तिथे प्रत्येक बाळंतिणीकडे आरोग्यसेविका आधीपासूनच जात होत्या, हे एक कारण सांगितलं जातं. एका ठिकाणी लागू पडलेलं औषध दुसरीकडे लागू पडतं का, हे तिथे काय नव्हतं यावर ठरतं.

आणि शेवटचा उपाय, मुलाला घरातून हलवणं. हलवून ठेवायचं कुठे, यावर फारसा वाद उरलेला नाही. रोमानियाची राजधानी बुखारेस्ट इथल्या अनाथालयांतल्या १३६ लहानग्यांपैकी चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना प्रतिपालक कुटुंबांत दिलं गेलं. कुटुंबात वाढलेली मुलं बुद्धीत, जिव्हाळ्यात, भावनांत पुढे राहिली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेली अधिकच. संस्थेपेक्षा कुटुंब बरं. पण मुळात स्वतःचं घर सोडवायचं का? जोसेफ डॉयल या अर्थशास्त्रज्ञाने एक युक्ती केली. इलिनॉय राज्यात प्रकरणं पाळीपाळीने अधिकाऱ्यांकडे जातात. काही अधिकारी कडक, काही मवाळ. कुणाच्या वाट्याला कोण येईल हा नशिबाचा भाग. म्हणजे ‘इकडे की तिकडे’ अशा काठावरच्या मुलांची आपोआप तुलना होते. २००७ मध्ये निष्कर्ष आला की काठावरची मुलं, विशेषतः मोठी, घरीच राहिली तर पुढे बरी निघाली. मग २०२२ मध्ये मिशिगनमधून याच युक्तीने उलटं उत्तर आलं: हलवलेल्या मुलांची शाळेतली हजेरी, गणित, सुरक्षितता सगळं सुधारलं. ही उत्तरं एकमेकांना खोडतात असं मला वाटत नाही. मिशिगनमध्ये बहुतेक मुलं थोड्या काळाने परत घरी गेली, आणि त्यांचे मोठे फायदे दिसले ते परतल्यानंतर. मधल्या काळात आईबापांनी स्वतःला सावरलं असावं, असं त्या अभ्यासकांनाही वाटतं.

पुन्हा त्या दाराशी जाऊ. कार्यकर्ती आली, तिच्या हातात छापील तक्ता. मोठं माणूस हजर: नाही. बाहेर पडण्याचा मार्ग: नाही. दोन फुल्या, आणि नियमाने बघितलं तर प्रकरण गंभीर. तिने तक्ता भरला, मग मिटून पिशवीत ठेवला.

‘ताई, रात्री तुमच्याऐवजी इथे कोण येऊ शकेल?’

‘कोण येणार? आमचं इथे कुणी नाही.’

‘शेजारच्या बाई?’

‘त्यांनीच कळवलं असेल तुम्हाला.’

कार्यकर्तीने त्यावर हो किंवा नाही म्हटलं नाही. पंधरा दिवसांनी ती परत आली, तेव्हा कुलपाची दुसरी किल्ली शेजारच्या बाईंच्या दाराआड खिळ्याला होती. आई पाळी सुरू होताना त्यांना सांगून जाते, त्या झोपण्यापूर्वी एकदा आत डोकावतात. दिवसपाळीसाठीचा अर्ज दिलाय, उत्तर आलेलं नाही. मुलीच्या वहीत मधल्या काळात सतराचा पाढा संपून एकोणीसचा चालू झाला होता.